अमेरिकेतील डेंटल स्कूलचा अर्ज : मे महिन्यापासून मुलाखतीच्या आमंत्रणापर्यंत

अमेरिकेतील डेंटल स्कूलच्या प्रवेशात एक परीक्षा, एक गुणवत्ता यादी आणि त्या यादीप्रमाणे जागावाटप असा प्रकार नाही. अर्ज सामाईक यंत्रणेतून जातो, परंतु तो कोण वाचणार, कधी वाचणार आणि त्यातल्या कशाला किती महत्त्व देणार, हे प्रत्येक स्कूल स्वतः ठरवते. देशात सत्तरहून अधिक मान्यताप्राप्त डेंटल स्कूल्स आहेत आणि एका वर्षी अर्ज करणाऱ्यांपैकी साधारण निम्म्या विद्यार्थ्यांना कोठे ना कोठे जागा मिळते. मुलाखतीखेरीज प्रवेश जवळजवळ कोठेच मिळत नाही. त्यामुळे सगळ्यांचे लक्ष मुलाखतीच्या आमंत्रणाकडे लागलेले असते आणि तिथपर्यंतचे महिने फार जड जातात.

या काळात अर्जदाराला एक गोष्ट नेमकी ठाऊक असायला हवी, ती म्हणजे आपली फाइल आज कोठे आहे. अनेक हुशार विद्यार्थी जूनमध्ये अर्ज सादर करतात, सप्टेंबरपर्यंत आमंत्रणाची वाट पाहतात आणि मग त्यांच्या लक्षात येते की एक गुणपत्रक किंवा एक शिफारसपत्र पोहोचलेच नव्हते, म्हणजे त्यांचा अर्ज प्रवेश समितीच्या टेबलावर गेलाच नव्हता. मुलाखतीच्या जागा बहुतेक ठिकाणी अर्ज पूर्ण होतील तसतशा भरत जातात, म्हणून हे गमावलेले आठवडे पुढे भरून निघत नाहीत.

भारतातून बीडीएस करून आलेल्यांचा मार्ग वेगळा आहे, हे आधीच सांगितलेले बरे. त्यांच्यासाठी कॅपिड ही स्वतंत्र अर्ज यंत्रणा असून तिच्यातून दोन ते तीन वर्षांच्या ॲडव्हान्स्ड स्टँडिंग, म्हणजे आधीची पदवी धरून वरच्या वर्षात घेणाऱ्या, अभ्यासक्रमांना अर्ज होतो. तेथे आयएनबीडीई ही दंतवैद्यकीच्या परवान्यासाठीची राष्ट्रीय परीक्षा, टोफेल, भारतीय पदवीचे मूल्यमापन आणि बऱ्याच ठिकाणी कृत्रिम दातांवर हाताचे कौशल्य दाखवण्याची बेंच टेस्ट असते. पुढचे विवेचन अमेरिकेत पदवीचे शिक्षण घेऊन चार वर्षांच्या डीडीएस किंवा डीएमडी अभ्यासक्रमाला अर्ज करणाऱ्यांसाठी आहे. या दोन पदव्यांत नावापलीकडे फरक नाही, त्यामुळे स्कूल निवडताना त्याचा विचार करू नये.

अर्जाच्या आदल्या वर्षी

प्रवेश ज्या वर्षी ऑगस्टमध्ये हवा, त्याच्या आदल्या वर्षीच्या जूनमध्ये अर्ज जातो. म्हणजे तयारीची खरी सुरुवात त्याहीआधी वर्षभर व्हायला हवी. जीवशास्त्र, सामान्य रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र हे विषय प्रयोगशाळेसह प्रत्येकी दोन सत्रे, ही जवळजवळ सर्वत्र मूळ अट असते. बायोकेमिस्ट्री आता बहुतेक ठिकाणी मागतात आणि मायक्रोबायोलॉजी किंवा ॲनाटॉमी काही ठिकाणी. प्रत्येक स्कूलच्या अटी त्याच्याच संकेतस्थळावर पाहून एका तक्त्यात नोंदवाव्यात, कारण मित्राच्या यादीवर विसंबून एखादा विषय राहून गेला तर बाकीचा अर्ज कितीही चांगला असला तरी तो अडतो.

दंतवैद्याच्या दवाखान्यात बसून काम पाहणे, ज्याला सगळे शॅडोइंग म्हणतात, त्याचे साधारण शंभर तास हा सर्वत्र धरला जाणारा अंदाज आहे. त्यातले बरेच तास जनरल डेंटिस्टकडचे असावेत आणि थोडे ऑर्थोडोंटिस्ट, ओरल सर्जन किंवा मुलांच्या दंतवैद्याकडचे असावेत. शॅडोइंग झाल्यावर त्याच संध्याकाळी वहीत दोन-चार ओळी लिहून ठेवण्याची सवय लावा. वर्षभराने निबंध लिहिताना आणि मुलाखतीत बोलताना त्या ओळींइतका उपयोग दुसऱ्या कशाचाही होत नाही. घरच्या ओळखीच्या दवाखान्यात तास भरणे सोपे असते आणि त्यात गैर काही नाही, परंतु किमान एक ठिकाण असे असावे जेथे तुम्हाला कोणी ओळखत नाही आणि रुग्ण वेगळ्या आर्थिक परिस्थितीतले आहेत. सामुदायिक आरोग्य केंद्रातल्या दातांच्या विभागात एक दिवस काढला, की उपचार परवडत नसल्यामुळे लोक काय काय सहन करतात ते दिसते आणि या व्यवसायाकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

डीएटी (डेंटल ॲडमिशन टेस्ट) ही प्रवेशपरीक्षा अमेरिकन डेंटल असोसिएशन घेते आणि ती प्रोमेट्रिकच्या केंद्रांवर वर्षभर देता येते. आधी डेंटपिन हा ओळखक्रमांक घ्यावा लागतो. हाच क्रमांक पुढे अर्जात लागतो, त्यामुळे तो जपून ठेवा. परीक्षेत नैसर्गिक विज्ञानाचे १०० प्रश्न ९० मिनिटांत, परसेप्चुअल ॲबिलिटीचे ९० प्रश्न ६० मिनिटांत, वाचन आकलनाचे ५० प्रश्न ६० मिनिटांत आणि गणिताचे ४० प्रश्न ४५ मिनिटांत सोडवायचे असतात. विज्ञानाच्या शंभरांपैकी ४० प्रश्न जीवशास्त्राचे आणि प्रत्येकी ३० सामान्य व सेंद्रिय रसायनशास्त्राचे असतात. मार्च २०२५ पासून गुणांची पट्टी १ ते ३० ऐवजी २०० ते ६०० अशी झाली आहे, त्यामुळे वरच्या वर्गातल्या मुलांनी सांगितलेले आकडे आणि जुन्या पुस्तकांतील तुलना तुमच्या गुणांशी थेट जुळणार नाहीत. परसेप्चुअल ॲबिलिटी हा भाग कॉलेजात शिकवला जात नाही. कोन ओळखणे, घडी घातलेल्या कागदातील छिद्रे मोजणे, वस्तू फिरवून पाहणे हे रोज अर्धा-पाऊण तास सरावानेच जमते. परीक्षा अर्जाच्या वर्षी मेपर्यंत झालेली असावी, म्हणजे गुण कमी पडले तरी उन्हाळ्यात पुन्हा बसण्याची वाट खुली राहते.

अर्ज भरताना

देशातील बहुतेक डेंटल स्कूल्सचा सामाईक अर्ज ॲडसॅस या यंत्रणेतून होतो. टेक्सासच्या रहिवाशांसाठी तेथील सरकारी स्कूल्सचा अर्ज टीएमडीएसएएस या वेगळ्या यंत्रणेतून जातो आणि तो मेच्या सुरुवातीलाच उघडतो. ॲडसॅसचा अर्ज मेच्या मध्याच्या सुमारास भरण्यासाठी उघडतो आणि सादर करण्याची सोय साधारण जूनच्या सुरुवातीला होते. मधल्या दोन-तीन आठवड्यांत भरायचे ते सगळे भरून ठेवावे.

सर्वांत किचकट काम विषयांच्या नोंदीचे आहे. प्रत्येक कॉलेजातला प्रत्येक विषय गुणपत्रकावर जसा छापला आहे तसाच, त्याच सत्राखाली आणि त्याच क्रेडिटने लिहावा लागतो. गुणपत्रक समोर नसताना आठवणीने हे भरू नका. प्रयोगशाळेचा विषय गुणपत्रकात वेगळा दाखवला असेल तर अर्जातही वेगळा दाखवा. सोडून दिलेला विषय आणि पुन्हा घेतलेला विषय, दोन्हींची नोंद करा. पुन्हा घेतलेल्या विषयात तुमच्या कॉलेजने जुना गुण वगळला असला, तरी ॲडसॅस जीपीए (गुणांची सरासरी) काढताना दोन्ही गुण धरते. त्यामुळे ॲडसॅसचा जीपीए आणि कॉलेजचा जीपीए यांत फरक पडला तर दचकून जाऊ नका. हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजात एखादा विषय घेतला असेल, तर त्या कॉलेजचे गुणपत्रकही स्वतंत्रपणे मागवावे लागते, जरी ते क्रेडिट पुढे तुमच्या विद्यापीठाच्या गुणपत्रकावर आलेले असले तरी. अर्ज अडकण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे, आणि ते नेहमी विसरले जाते. नोंदीत चुका जास्त असतील तर अर्ज दुरुस्तीसाठी परत येतो आणि पुन्हा रांगेत जातो. भारतात किंवा अन्य देशात एखादे वर्ष शिकलेल्यांनी त्या गुणांचे विषयवार मूल्यमापन डब्ल्यूईएस किंवा ईसीई यांसारख्या संस्थेकडून करून घ्यावे आणि त्यासाठी काही महिने हाताशी ठेवावेत, कारण भारतीय विद्यापीठातून कागद निघायला लागणारा वेळ तुमच्या हातात नसतो.

शिफारसपत्रे चारपर्यंत देता येतात. त्यांत विज्ञान शिकवणाऱ्या दोन प्राध्यापकांची आणि एका दंतवैद्याचे पत्र, ही बहुतेक ठिकाणची अपेक्षा आहे. तुमच्या कॉलेजात प्रीहेल्थ समितीचे, म्हणजे आरोग्यशाखांकडे जाणाऱ्यांसाठीच्या सल्लागार समितीचे, एकत्रित पत्र मिळत असेल तर त्याच्या मुदती हिवाळ्यातच विचारून घ्या, कारण समितीची मुलाखत आणि कागद बऱ्याचदा अर्जाच्या कित्येक महिने आधी सुरू होतात. प्राध्यापकांना मार्चमध्ये भेटून विचारावे, सोबत तुमचा थोडक्यात परिचय आणि त्यांच्या वर्गातले तुमचे काम लिहून द्यावे आणि मुदत नेमकी तारीख घालून सांगावी. पत्र पाहण्याचा आपला हक्क सोडून देण्याचा पर्याय अर्जात असतो, तो निवडावा. न पाहिलेल्या पत्रावर समितीचा विश्वास अधिक बसतो. दोनशे मुलांच्या वर्गात तुम्हाला अ श्रेणी देणाऱ्या प्राध्यापकापेक्षा, ज्यांच्या कार्यालयात तुम्ही वारंवार प्रश्न घेऊन गेलात त्या प्राध्यापकाचे पत्र जड ठरते, मग त्या विषयात तुम्हाला थोडे कमी गुण असले तरी.

निबंधाची मर्यादा मोकळ्या जागांसह ४,५०० अक्षरांची आहे आणि तो सगळ्या स्कूलना एकच जातो. त्यामुळे त्यात कोणत्याही एका स्कूलचे नाव घालू नये. लहानपणी दातांना तारा लावल्या आणि हसू बदलले, ही सुरुवात प्रवेश समितीने शेकड्यांनी वाचलेली असते. ती खरी असली तरी तिच्यातून तुमच्याविषयी फारसे कळत नाही. त्याऐवजी दवाखान्यात तुम्ही प्रत्यक्ष पाहिलेली एखादी बारीक गोष्ट घ्या. समजा, कवळीच्या मेणातल्या नमुन्याची चाचणी तुम्ही पाहिली आहे. दंतवैद्य रुग्णाला इंग्रजीतले ‘एफ’ आणि ‘व्ही’चे उच्चार असलेले शब्द म्हणायला लावतात आणि वरच्या पुढच्या दातांची कड खालच्या ओठाला कोठे टेकते ते बघतात. मग ‘एस’चे उच्चार ऐकून जबड्यांमधले अंतर बरोबर आहे की नाही ते ठरवतात. हे पाहताना तुम्हाला कळले असेल की दात नीट बसला याचा निकाल मापावर जितका लागतो तितकाच बोलण्यावरही लागतो, आणि रुग्णाला पुन्हा आपल्या आवाजात बोलता येणे हा उपचाराचाच भाग आहे. एवढा एक परिच्छेद प्रामाणिकपणे लिहिला, तर ‘मला लोकांना मदत करायला आवडते’ हे वाक्य लिहावेच लागत नाही.

अनुभवांच्या रकान्यात प्रत्येक नोंदीला ६०० अक्षरे मिळतात. तेथे कर्तव्यांची यादी न देता तुम्ही काय केले ते लिहा. ‘दवाखान्यात मदत केली’ यापेक्षा ‘दर शनिवारी उपकरणे निर्जंतुक करून ट्रे लावले, आणि स्पॅनिश बोलणाऱ्या रुग्णांना फॉर्म भरायला मदत केली’ हे वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उभे राहते. चित्रकला, शिवणकाम, तबला, लाकूडकाम यांसारखे हाताचे छंद असतील तर ते जरूर लिहावेत.

स्कूल्सची यादी

यादी करताना पहिला प्रश्न रहिवासाचा. सरकारी स्कूल्स आपल्या राज्यातील रहिवाशांना प्राधान्य देतात. नॉर्थ कॅरोलायनातील ईस्ट कॅरोलायना विद्यापीठासारखे स्कूल तर फक्त राज्यातल्याच विद्यार्थ्यांना घेते. आपल्या राज्यातले सरकारी स्कूल यादीत अग्रभागी असावे. त्याची फी कमी असते आणि तेथे तुमची शक्यताही सर्वांत जास्त असते. खासगी स्कूल्स रहिवासाकडे कमी पाहतात, पण त्यांचा खर्च राहणे-खाणे धरून बऱ्याच ठिकाणी वर्षाला एक लाख डॉलरच्या वर जातो.

एच-४ व्हिसावर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) वाढलेल्या मुलांच्या आईवडिलांनी येथे विशेष लक्ष घालावे. मुलाला एकवीस वर्षे पूर्ण झाली की तो एच-४ वर राहू शकत नाही आणि बहुधा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जातो. तेव्हा तो कागदोपत्री आंतरराष्ट्रीय विद्यार्थी ठरतो. काही स्कूल्स आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांना घेत नाहीत, काही घेतात पण चार वर्षांच्या खर्चाची तरतूद दाखवायला सांगतात आणि फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचे, कर्ज तर नागरिक व ग्रीन कार्डधारक यांच्यासारख्या पात्र व्यक्तींनाच मिळते. राज्यात दहा वर्षे राहूनही स्थानिक फी मिळेल की नाही हे राज्याच्या नियमांवर अवलंबून आहे. म्हणून प्रत्येक स्कूलच्या प्रवेश कार्यालयाला व्हिसाचा प्रकार लिहून थेट विचारावे आणि उत्तर लेखी ठेवावे.

नागरिकांसाठीही पैशाचे गणित बदलले आहे. डेंटल स्कूलमधून कर्ज घेऊन बाहेर पडणाऱ्यांच्या डोक्यावर सरासरी तीन लाख डॉलरच्या आसपास कर्ज असते. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्यानुसार १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचे सरकारी कर्ज बंद आणि अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांना फेडरल कर्जाची मर्यादा वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलर, अशी तरतूद आहे. महागड्या खासगी स्कूलमध्ये उरलेली रक्कम खासगी कर्जातून किंवा घरातून उभी करावी लागेल. हे बोलणे प्रवेश मिळाल्यानंतर करायचे नसते, यादी ठरवतानाच करायचे असते. अर्जाची फी पहिल्या स्कूलसाठी अडीचशे डॉलरच्या वर आणि पुढच्या प्रत्येकासाठी शंभराच्या वर आहे. शिवाय अनेक स्कूल्स पूरक अर्जाची वेगळी फी घेतात. उत्पन्न कमी असलेल्या अर्जदारांसाठी ॲडसॅसची फी सवलत योजना आहे, पण तिचा निधी मर्यादित असतो आणि लवकर संपतो.

सादर केल्यानंतर फाइल कोठे जाते

अर्ज सादर केला, फी भरली आणि सर्व गुणपत्रके ॲडसॅसकडे पोहोचली, की पडताळणीची रांग सुरू होते. यासाठी शिफारसपत्रे किंवा डीएटीचे गुण येण्याची गरज नसते, त्यामुळे एखादे पत्र बाकी आहे म्हणून अर्ज अडवून ठेवू नये. गर्दीच्या दिवसांत पडताळणीला चार ते सहा आठवडे लागू शकतात. या टप्प्यावर निबंध बदलता येत नाही, मात्र नवे अनुभव आणि नवी स्कूल्स जोडता येतात.

पडताळणी झालेला अर्ज स्कूलकडे जातो आणि तेथे दुसरा टप्पा सुरू होतो. अनेक स्कूल्स पूरक अर्ज पाठवतात, काहींना कॅस्परसारखी प्रसंगांवर आधारलेली ऑनलाइन चाचणी लागते. पूरक प्रश्नांची उत्तरे दोन आठवड्यांच्या आत जावीत. ‘आमचेच स्कूल का’ या प्रश्नाला शहराचे आणि इमारतीचे कौतुक हे उत्तर नव्हे. तिसऱ्या वर्षात विद्यार्थी सामुदायिक केंद्रांत किती काळ जातात, संशोधनाची सोय कशी आहे, रुग्ण पाहण्याची सुरुवात कोणत्या वर्षी होते, हे वाचून त्यातले तुमच्याशी काय जुळते ते लिहावे.

त्यानंतर स्कूलच्या स्वतःच्या पोर्टलवर तुमची फाइल पूर्ण झाल्याची नोंद दिसायला हवी. ॲडसॅसने ‘पडताळणी पूर्ण’ म्हणणे आणि स्कूलने ‘फाइल पूर्ण’ म्हणणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि तुमचा अर्ज वाचला जाण्याची शक्यता दुसऱ्या घटनेनंतरच निर्माण होते. एक साधा तक्ता करा. प्रत्येक स्कूलपुढे अर्ज पोहोचल्याची तारीख, पूरक अर्ज आल्याची व पाठवल्याची तारीख, फी, डीएटीचे गुण, प्रत्येक शिफारसपत्र, कॅस्पर आणि शेवटी फाइल पूर्ण झाल्याची तारीख, असे रकाने असावेत. जुलैपासून आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी तो भरावा. शेवटचा रकाना रिकामा असलेल्या स्कूलकडून आमंत्रणाची अपेक्षा करण्यात अर्थ नाही, तेथे आधी कोणता कागद अडला आहे ते शोधा.

पोर्टलवर काही दिसत नसेल तर प्रवेश कार्यालयाला एक छोटी ईमेल लिहावी. तिच्यात पूर्ण नाव, ॲडसॅसचा ओळखक्रमांक आणि एकच प्रश्न असावा, तो म्हणजे फाइलमध्ये काही कमी आहे का. मुलाखत कधी मिळेल हे त्यात विचारू नये. अशी ईमेल अर्जदाराने स्वतः लिहावी. आईवडिलांनी फोन केलेला प्रवेश कार्यालयाला आवडत नाही, आणि विद्यार्थी प्रौढ असल्यामुळे ते पालकांशी अर्जाविषयी बोलतही नाहीत.

आमंत्रणाची वाट पाहताना

आमंत्रणे साधारण ऑगस्टपासून सुरू होतात आणि काही ठिकाणी मार्चपर्यंत जात राहतात. स्कूल आपले अर्ज तारखेच्या क्रमानेच वाचते असे नाही. काही समित्या आधी राज्यातले अर्जदार घेतात, काही गुणांनी गट पाडतात, काही एक गठ्ठा वाचून महिनाभर थांबतात. म्हणून ज्याचा अर्ज तुमच्या दुसऱ्या दिवशी पूर्ण झाला त्याला आमंत्रण आले आणि तुम्हाला नाही, यावरून तुमच्या अर्जाविषयी काहीच ठरत नाही. सप्टेंबरच्या अखेरीस शांतता असणे अगदी स्वाभाविक आहे. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत एकही आमंत्रण नसेल, तर अर्जाकडे त्रयस्थ नजरेने पाहण्याची वेळ आली असे समजा आणि प्रीडेंटल सल्लागाराला भेटा.

या दिवसांत नातेवाईक आणि घरचे ‘कॉल आला का?’ हा एकच प्रश्न विचारत राहतात. मुलाच्या मनावर त्या प्रश्नाचे ओझे खूप होते, हे घरच्यांनी समजून घ्यावे. विचारण्यापेक्षा आठवड्यातून एकदा मुलाने स्वतःहून सांगायचे, असा करार घरात केला तर सगळ्यांनाच सोपे जाते.

अर्जासाठी दिलेला ईमेल पत्ता रोज पाहा, स्पॅमसुद्धा पाहा. मुलाखतीच्या तारखा बऱ्याचदा आधी निवडेल त्याला मिळतात, त्यामुळे आमंत्रणाला त्याच दिवशी उत्तर द्यावे. हिवाळी सुट्टीत भारतात जाणार असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. डिसेंबर-जानेवारीत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापेक्षा भारताची वेळ साडेदहा तास पुढे असते, म्हणजे न्यूयॉर्कमधली सकाळी दहाची ऑनलाइन मुलाखत तुमच्याकडे रात्री साडेआठला असेल. आणि एफ-१ वर असलेल्यांना परतताना व्हिसाचा शिक्का घ्यायचा असेल, तर स्कूल्सच्या प्रत्यक्ष मुलाखतींच्या हंगामात त्यासाठी अमेरिकेबाहेर जाणे टाळलेले चांगले.

वाट पाहण्याच्या काळात काम थांबवू नका. शॅडोइंग, नोकरी, संशोधन, स्वयंसेवा यांतले काहीतरी चालूच असले पाहिजे, कारण मुलाखतीत ‘अर्जानंतर काय केले?’ हे हमखास विचारतात. सत्राचे नवे गुण चांगले आले, डीएटी पुन्हा देऊन गुण वाढले किंवा मोठी जबाबदारी मिळाली, तर अद्ययावत माहितीचे एक पानी पत्र पाठवता येते. मात्र आधी ते स्कूल अशी पत्रे स्वीकारते का ते पाहा. काही स्कूल्स स्पष्ट नाही म्हणतात आणि त्यांच्या नियमाचा मान ठेवावा. शरद सत्राचे गुण ॲडसॅसमध्ये भरण्यासाठी हिवाळ्यात एक ठरावीक खिडकी उघडते, तीही चुकवू नये.

मुलाखतीची तयारी

आमंत्रण आल्यावर तयारीला लागणे उशिराचे ठरते, कारण कधी कधी दहाच दिवस हातात असतात. ऑगस्टपासूनच आठवड्यातून दोनदा, मोठ्याने बोलून सराव करावा. मनात जुळवलेले उत्तर तोंडातून निघताना तुटते, ते बोलल्याशिवाय कळत नाही.

काही ठिकाणी एक किंवा दोन प्राध्यापकांशी गप्पांसारखी मुलाखत असते, काही ठिकाणी पॅनेल असते. कोणी तुमचा अर्ज वाचून आलेले असतात, कोणाला मुद्दाम दिलेला नसतो. काही स्कूल्स एमएमआय, म्हणजे एकामागून एक अनेक छोट्या मुलाखती, घेतात. ही पद्धत कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात तयार झाली. तिच्यात बहुधा सहा ते दहा खोल्या किंवा ऑनलाइन टप्पे असतात, दारावरचा प्रसंग वाचायला एक-दोन मिनिटे मिळतात आणि मग पाच-सात मिनिटे बोलायचे असते.

एक प्रसंग जवळून पाहू. तरुण रुग्ण येतो आणि म्हणतो, ‘माझे सगळे दात काढून टाका आणि कवळी द्या.’ तपासणीत बरेच दात वाचवण्याजोगे दिसतात. येथे लगेच ‘मी नाही म्हणेन’ किंवा ‘रुग्णाची इच्छा आहे तर काढेन’ असे ठरवून मोकळे होणारे उमेदवार मागे पडतात. आधी विचारावे की तो असे का म्हणतो. त्याला पुन्हा पुन्हा होणाऱ्या उपचारांचा खर्च परवडत नसेल, वेदनेचा किंवा सुईचा धसका असेल, आईवडिलांना कवळीने आराम मिळाल्याचे त्याने पाहिले असेल. खर्चाचे कारण असेल तर टप्प्याटप्प्याने उपचार, डेंटल स्कूलच्या दवाखान्यातले कमी दर, राज्यात मोठ्यांना मेडिकेड या कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी योजनेत दातांचे उपचार मिळतात का, हे सांगता येते. दात काढल्यावर जबड्याचे हाड झिजत जाते आणि कवळी पुढे सैल होते, हे त्याला समजेल अशा भाषेत सांगावे लागते. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या आचारसंहितेत रुग्णाची स्वायत्तता, अपाय न करणे, हित साधणे, न्याय आणि सत्यनिष्ठा ही पाच तत्त्वे आहेत. या प्रसंगात पहिल्या तीन तत्त्वांची ओढाताण कशी होते हे तुम्ही स्वतःच्या शब्दांत दाखवले, तर तत्त्वांची नावे पाठ म्हणण्याची गरज उरत नाही.

सार्वजनिक आरोग्याचे विषयही वाचून ठेवावेत. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड घालण्याची सुरुवात १९४५ साली मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स येथे झाली, आणि २०२५ मध्ये युटा व फ्लोरिडा या राज्यांनी ती बंद केली. यावर तुमचे मत विचारले तर शास्त्रीय आधार आणि लोकांचा संशय, दोन्हींविषयी आदराने बोलता आले पाहिजे. पुढे हाच संशय घेऊन एखादी आई आपल्या मुलाला तुमच्या खुर्चीत बसवणार आहे.

‘वैद्यकीय शाखा का नाही?’ या प्रश्नाला डॉक्टरांना कमी लेखणारे किंवा कामाच्या तासांवर घसरणारे उत्तर देऊ नका. हाताने केलेले काम त्याच बैठकीत पूर्ण होताना पाहणे, एकच रुग्ण वर्षानुवर्षे सांभाळणे, यांतले जे तुमचे खरे कारण आहे ते तुमच्या वहीतल्या एखाद्या नोंदीसह सांगा. कमी गुणांचे एखादे सत्र असेल तर त्याचे कारण दोन वाक्यांत आणि नंतर काय बदलले ते तीन वाक्यांत, असे तयार ठेवा. तुमच्याकडूनही दोन खरे प्रश्न असावेत आणि ते विद्यार्थ्यांना विचारण्याचे व प्राध्यापकांना विचारण्याचे असे वेगळे असावेत. मुलाखतीच्या दिवशी तुम्हाला स्कूल दाखवणारे विद्यार्थी बऱ्याचदा समितीला आपले मत कळवतात, त्यामुळे जेवणाच्या वेळीही त्याच भानात राहा.

मुलाखतीनंतर

एक दिवसाच्या आत आभाराची छोटी ईमेल जावी आणि तिच्यात त्या संभाषणातली एखादी नेमकी गोष्ट असावी. प्रवेशाची पहिली पत्रे डिसेंबरच्या मध्याला निघतात. उत्तर देण्याची मुदत आणि अनामत रक्कम पत्रात लिहिलेली असते. ही रक्कम बहुधा परत मिळत नाही, म्हणून दोन पत्रे हातात असतील तर मुदत संपण्याआधी घरात बसून फीचा पूर्ण हिशेब मांडावा आणि नको असलेली जागा लगेच सोडावी. तिच्यासाठी दुसरा कोणीतरी थांबलेला असतो. प्रतीक्षायादी वसंत ऋतूत आणि अगदी वर्ग सुरू होईपर्यंत हलत राहते. तेथे आपली इच्छा कायम असल्याचे एक पत्र मार्च-एप्रिलमध्ये पाठवणे योग्य आहे, दर आठवड्याला पाठवणे नव्हे.

या फेरीत जागा मिळाली नाही, तर मे महिन्यात जेथे मुलाखत झाली होती त्या स्कूल्सना आधी अभिप्राय विचारा. अनेक कार्यालये नकार मिळालेल्या अर्जदारांशी थोडा वेळ बोलतात. मुलाखतीच मिळाल्या नसतील तर दोष बहुधा गुणांत, यादीत किंवा उशिरात असतो. मुलाखती होऊन नकार आला असेल तर तो बोलण्यात असण्याची शक्यता अधिक. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पहिल्यासाठी पोस्टबॅक (पदवीनंतर घेतलेले जादा विषय) किंवा मास्टर्समधले विज्ञानाचे विषय, डीएटीचा नवा प्रयत्न आणि जूनच्या पहिल्या आठवड्यातला अर्ज लागतो, तर दुसऱ्यासाठी दर आठवड्याला एखाद्या अनोळखी माणसासमोर सराव लागतो. नव्या फेरीत निबंध नव्याने लिहावा आणि किमान एक शिफारसपत्र अशा व्यक्तीचे घ्यावे जिने तुमचे गेल्या वर्षीचे काम पाहिले आहे, कारण पुन्हा अर्ज करणाऱ्याच्या फाइलमध्ये समिती सर्वांत आधी मागच्या अर्जानंतर काय बदलले तेच शोधते.